सराफ बाजारातलं बिनपाटीचं दुकान आणि माझा चिनी वाडगा

सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे उतरताना एका बोळात हे दुकान आहे, पाटी नाही, बाहेर पितळी समया आणि जुनी घड्याळं दिसली की समजायचं. मी जुनी चिनी मातीची भांडी जमवतो, विशेष करून एनॅमलची (भाजून बसवलेल्या काचेसारख्या रंगांची) फुलं काढलेले वाडगे, आणि नाशकात असं काही मिळेल अशी मला अजिबात आशा नव्हती.

दुकानाच्या काकांनी सगळी चिनी भांडी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीयेत, कारण गोदेला पूर आला की पाणी थेट बाजारात शिरतं. स्टुलावर चढून एकेक वाडगा खाली काढतात आणि सरळ आपल्या हातात देतात, बघा म्हणतात, उलटा करून बघा. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. बाकी ठिकाणी हात लावू देत नाहीत आणि हात न लावता ह्या भांड्यातलं काहीही कळत नाही.

मी उचललेल्या वाडग्यावर गुलाबी पिओनीचं फूल होतं आणि बुडाला तांबड्या रंगात चियनलोंग बादशहाचा शिक्का. चियनलोंगची कारकीर्द १७३६ ते १७९५, त्यामुळे माझी धडधड वाढली होती. काकांनीच थांबवलं, "राजवाड्यातला नाही बरं का हा, शिक्का जुन्या बादशहाचा मारायची पद्धतच होती, हा १९३०-४० च्या आसपासचा असेल." ६५०० सांगितले, ५८०० ला दिला. खोटं सांगून किती उकळता आले असते विचार करा, कारण चियनलोंगचा आजोबा कांगशी बादशहा, त्याच्या काळातला गुलाबी जमिनीवर फुलं असलेला असा एक खरा शाही वाडगा २०१८ ला हाँगकाँगच्या लिलावात जवळपास २४ कोटी हाँगकाँग डॉलरला गेला, आणि तो जेमतेम १५ सेंटीमीटर रुंद.

तसल्या खऱ्या शाही वाडग्याची कोरी भांडी जिंगदेझेन ह्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात भाजायची, तिथून पेकिंगला (आताचं बीजिंग) राजवाड्यात जायची, तिथले चित्रकार रंगवायचे आणि मग कमी आचेवर परत भाजायची. तो गुलाबी रंग सोन्यापासून होतो. एनॅमल झिलईच्या वर बसतं त्यामुळे पाकळीवरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "शाही" म्हणून घेतलेला वाडगा भिंगाखाली धरला तर सगळे छपाईचे ठिपके, १४ हजार गेले आणि परत काही मिळाले नाहीत, तेव्हापासून भिंग खिशातच असतं. काकांकडचा वाडगा भिंगाखाली बघितला, ब्रशच्या रेघा स्पष्ट दिसतात, एका पानाची कड तर चुकून बाहेर गेलीये, ती मला फार आवडते.

काठाला छोटा टवका आहे, तोही काकांनी आधीच दाखवला. टिचकी मारली तर आवाज खणखणीत, म्हणजे तडा नाही.

तक्रार दोनच. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तर आवर्जून मागा आणि त्यावर अंदाजे काळ लिहून घ्या. वस्तू शंभर वर्षांवरची असली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, विकणाऱ्याकडे परवाना हवा आणि देशाबाहेर नेता येत नाही, हे काकांना नीट माहितीये. दुसरं म्हणजे पॅकिंग, एका पेपरात गुंडाळून पिशवीत टाकतात. घरून जुना टॉवेल घेऊन जा. गाडी लांब लावा, त्या बोळात स्कूटर पण वळत नाही, आणि दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं.

जाण्याआधी जमलं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी बघून या, डोळा तयार होतो. आणि ह्या वाडग्यात खाऊ नका, ह्या रंगांत शिसं असतं, माझ्या आईला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. काकांकडे अजून कमळाची एक बशी आहे, तिच्यासाठी दिवाळीनंतर परत जाणार आहे. पाचपैकी साडेचार.