मिश्र गेलिक फुटबॉल, धक्काबुक्कीशिवाय: टॅग, टच की नुसता चेंडू?

आयर्लंडमध्ये नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांचं साधारण असं होतं: आधी क्रिकेटचा क्लब सापडतो, मग मुलं शाळेतून गेलिक फुटबॉल शिकून घरी येतात, आणि काही दिवसांनी आईबाबांना वाटायला लागतं की मैदानाच्या कडेला पावसात उभं राहून टाळ्या वाजवण्यापेक्षा आपणच खेळलो तर? ऑफिसातले, हॉस्पिटलातले चार आयरिश मित्रमैत्रिणीही तयार असतात. अडतं ते 'कुठे आणि कुठल्या नियमांनी' इथे. ज्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या हीच चर्चा चालू आहे, त्यांच्यासाठी हा आढावा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पूर्ण सामन्यात एका बाजूला १५ गडी, मैदान १३० ते १४५ मीटर लांब, दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. २०२५पासून पुरुषांच्या खेळात ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण मिळतात. चेंडू हातात घेऊन चार पावलं पळता येतं, मग टप्पा द्यायचा किंवा 'सोलो' करायचा: चेंडू पायावर सोडून चवड्याने परत हातात उडवायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. पास द्यायचा तर लाथेने, नाहीतर मुठीने किंवा तळव्याने चेंडूला फटका देऊन; नुसता फेकता येत नाही. पुरुषांच्या खेळात खांद्याला खांदा भिडवून रेटणं कायदेशीर आहे, आणि मिश्र गटात लोक बिचकतात ते तिथेच.

आधीच जे चालू आहे, त्यात जावं का?

महिला गेलिक फुटबॉल संघटनेचा 'गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स' हा उपक्रम २००८पासून आहे. ज्या कधी खेळल्या नाहीत किंवा मध्ये बरीच वर्षं गेली अशा बायकांसाठी, स्पर्धेचा ताण नाही, आणि बहुतेक भागांत जवळपासच्या एखाद्या क्लबात तो सापडतो. पुरुषांसाठी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचं, म्हणजे जीएएचं, 'डॅड्स अँड लॅड्स' आहे. दोन्ही चांगले. पण दार बायकांचं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं. नवराबायकोला एकाच संध्याकाळी एकत्र खेळायचं असेल किंवा ऑफिसची आख्खी टीम उतरवायची असेल, तर या दोन्हींचा उपयोग नाही. एकट्या बाईला खेळ शिकायचा असेल तर मात्र मी डोळे झाकून पहिला पर्याय सांगेन. नवं काही उभारायच्या भानगडीत पडू नका.

मिश्र आणि तयार मांडव हवा असेल तर टॅग रग्बी आहे. उन्हाळ्यात डब्लिनमध्ये संध्याकाळच्या लीग चालतात, सात-सात जणांचे संघ असतात, नाव नोंदवलं, पैसे भरले की मैदान, पंच, वेळापत्रक सगळं दुसऱ्याच्या गळ्यात. चेंडूवाल्याच्या कमरेला लटकणारी पट्टी ओढली की तो थांबतो. एवढ्या सोयी पाहता 'मग हेच खेळू' असं कुणी म्हणालं तर त्यात चूक काही नाही. फक्त ते रग्बी आहे: पास मागेच द्यायचा, आणि गेलिकची खरी गंमत असलेले तीन प्रकार, म्हणजे लांब किक, उंच झेल आणि सोलो, त्यात जवळजवळ नाहीत. ज्यांना संध्याकाळी दमून घाम गाळायचाय आणि नंतर सगळ्यांबरोबर बसायचंय, त्यांनी टॅग रग्बी घ्यावं. ज्यांना हाच खेळ हवाय, त्यांनी पुढे वाचावं.

बाग की क्लब

डब्लिनच्या फिनिक्स पार्कात 'फिफ्टीन एकर्स' नावाचा मोकळा विस्तीर्ण भाग आहे, तिथे चार शंकू ठेवून सुरुवात करता येते. कुणाची परवानगी नको, फॉर्म नको, जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड. दोन-तीन आठवडे हे झकास चालतं. मग कुणाचा तरी घोटा मुरगळतो, कुणी तरी विचारतं 'विमा कुणाचा?', आणि ग्रुपवर शांतता पसरते. डिसेंबरात सूर्य चार वाजून गेल्यावर लगेच मावळतो, तेव्हा दिव्यांचं मैदान लागतंच, आणि ते जवळपास नेहमी कुठल्यातरी क्लबाकडे असतं.

क्लबच्या छत्राखाली गेलात तर नोंदणी 'फॉयरन' या ऑनलाइन प्रणालीवर होते आणि नोंदणीकृत सभासदाला अधिकृत उपक्रमात झालेल्या इजेसाठी इजा निधीतून काही मदत मिळू शकते. इथे एक गुंता आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. जीएए आणि महिलांची संघटना या आजही स्वतंत्र संस्था आहेत. महिलांची संघटना १९७४मध्ये थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात स्थापन झाली, जिथे १८८४मध्ये जीएएची स्थापना झाली होती त्याच हॉटेलात. म्हणजे तुमच्या एका संघातले पुरुष एका संस्थेचे सभासद आणि बायका दुसऱ्या संस्थेच्या, निधीही वेगवेगळे. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली या संस्थांच्या विलीनीकरणाचं काम चालू आहे आणि २०२७चं उद्दिष्ट ठरलेलं आहे, पण तुमचा पहिला बुधवार त्याआधी येणार. म्हणून क्लबच्या सचिवांना एकच प्रश्न लेखी विचारा: 'मिश्र, सामाजिक सराव दोन्ही बाजूंच्या सभासदांसाठी अधिकृत उपक्रमात धरला जाईल का?' उत्तरही लेखी घ्या. तोंडी 'हो हो, होऊन जाईल' यावर भागवू नका. आयरिश माणूस नाही म्हणायला आपल्याइतकाच संकोचतो.

दुसरी अट: अठरा वर्षांवरचेच. मुलांना घेतलंत की मुलांसोबत काम करणाऱ्यांची पोलिस पडताळणी, बालसंरक्षण प्रशिक्षण, सगळं मागून येतं. मुलं कडेला चेंडू खेळोत, नोंदवहीत नकोत.

क्लबचा तोटा सांगायलाच हवा. उन्हाळ्यात मुख्य मैदान सामन्यांना जातं आणि तुमच्या वाट्याला कोपऱ्यातलं कृत्रिम गवत किंवा सरावाच्या भिंतीसमोरची जागा येते. सात-सात जणांना ती पुरते, त्यामुळे मला हा तोटा फारसा वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न: चेंडू हिसकावायचा कसा?

बाकी सगळं यावर ठरतं. 'नॉन-कॉन्टॅक्ट' असं कागदावर लिहून अंगाला अंग लागायचं थांबत नाही. समोरच्याकडून चेंडू कसा मिळवायचा याचा नियम नीट नसेल तर तिसऱ्या मिनिटाला लहानपणापासून खेळलेला कुणीतरी सवयीने खांदा घालतोच, त्यात वाईट हेतू नसतो.

तीन रस्ते आहेत.

पहिला, महिलांच्या खेळाचा नियम जसाच्या तसा. अनेकांना माहीत नसतं की महिला गेलिक फुटबॉलमध्ये जाणूनबुजून अंगाला भिडणं मुळातच फाउल आहे. टप्पा देताना, सोलो करताना किंवा किक मारताना चेंडू हातातून सुटतो, त्या क्षणी हात घालून तो काढायचा. म्हणजे नवा खेळ शोधायची गरजच नाही. नियम लिहिलेले आहेत, पंच मिळतात, चेंडू जमिनीवरून सरळ हाताने उचलता येतो (पुरुषांना तो आधी चवड्याने उचलावा लागतो). सामान काही लागत नाही. अडचण एकच: हे कसबाचं काम आहे. चेंडू चवड्यावरून वर येतोय, खेळणारी खाली मान घालून त्याच्याकडे बघतेय, आणि समोरचा नवखा अर्धा क्षण उशिरा हात मारतो. फटका चेंडूला बसत नाही, मनगटावर किंवा बोटांवर बसतो. निम्मे जण नवे असतील तर संध्याकाळभर बोटं चोळत बसाल.

दुसरा, टॅग. कमरेला वेल्क्रोच्या दोन पट्ट्या, एक ओढली की चेंडू सोडायचा. वाद होत नाही, कारण पुरावा हातात असतो. नवख्यांना लगेच कळतं. पण गेलिकला तो नीट बसत नाही. रग्बीत पट्टी ओढल्यावर खेळ क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. गेलिकचा जीव सलग वाहण्यात आहे. शिवाय टप्पा देणारा वाकलेला असतो आणि पट्टी ओढणाराही कमरेपाशी वाकतो. दोन डोकी एकाच उंचीवर येतात. मला हा प्रकार म्हणूनच आवडत नाही, कितीही सोपा असला तरी.

तिसरा, टच. पाठीला किंवा खांद्याला दोन्ही हात हलके लागले की चेंडूवाल्याने तीन सेकंदांत पास द्यायचा, स्वतः गुण मारायचा नाही; दिला नाही तर चेंडू समोरच्यांचा. पास मध्येच अडवून चेंडू मिळवणं अर्थातच खुलं. यात बोटं वाचतात, डोकी वाचतात, खेळ थांबत नाही, आणि एकट्याने सोलो करत मैदानभर पळणारा हिरो आपोआप आटोक्यात येतो. तोटा आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे: खो-खोतला 'लागला', 'नाही लागला' हाच वाद, आता इंग्रजीत. त्यावर उपाय म्हणजे ज्याला स्पर्श झाला त्याने स्वतःच ओरडून सांगायचं, आणि शंका आली तर झालाच असं धरायचं. पंधरा दिवसांत सवय होते.

माझा कौल: निम्म्याहून जास्त जण नवे असतील तर टच. सगळे दोन-तीन महिने खेळून झाले की महिलांच्या नियमाकडे सरका. टॅग तेव्हाच, जेव्हा गट मोठा आहे, ओळखी नाहीत आणि भांडण टाळणं हेच सर्वात महत्त्वाचं आहे.

झेल, चेंडू आणि गुण

हिसकावण्यापेक्षा जास्त टकरी हवेतल्या चेंडूखाली होतात. वरून चेंडू येतोय, तिघं त्याच्याकडे बघत मागे सरकतायत, एकमेकांकडे कुणीच बघत नाही, आणि कोपर कुणाच्या तरी नाकावर. मिश्र गटात याला एकच नियम पुरतो: आधी ज्याने 'माझा' म्हटलं त्याला झेलू द्यायचं, बाकीच्यांनी दोन पावलं मागे. शुद्ध खेळणाऱ्यांना हे पचत नाही, कारण उंच झेल हीच त्यांची शान. त्यांना रविवारी त्यांच्या संघात उड्या मारू द्या. जमिनीवर पडलेल्या चेंडूलाही तेच: गुडघ्यावर पडून झडप घालायची नाही.

चेंडू महिलांचा, म्हणजे चार नंबरचा घ्या. पुरुष पाच नंबरचा वापरतात. लहान चेंडू मुठीने मारायला सोपा, झेलताना हात कमी झणझणतो. पुरुषांची किक सुरुवातीला भरकटते, आणि ते बरंच आहे.

बाईने मारलेल्या गुणाला जादा गुण द्यावेत का? मिश्र टॅग रग्बीत अशी पद्धत रुळलेली आहे. मला ती इथे नको वाटते. त्यापेक्षा खेळाचा आकार असा ठेवा की ताकदीचा फायदाच उरू नये: मैदान लहान, लांबून मारल्याचे दोन गुण रद्द, आणि गोलही रद्द. फक्त दांडीवरून एक गुण. जवळून जोरात मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या तोंडावर बसण्याचा प्रश्न त्याबरोबरच मिटतो. 'प्रत्येक चढाईत एका बाईला पास द्यायलाच हवा' असला नियम तर मुळीच नको. मग तिला उपचार म्हणून चेंडू मिळतो आणि लगेच परत मागितला जातो. खरी दरी कुणी पंधरा वर्षं खेळलंय आणि कुणी कालच आलंय याची असते. संघ पाडताना ती बघा.

धक्काबुक्की नाही म्हणजे इजा नाही, असं मात्र समजू नका. गेलिक फुटबॉलमध्ये मांडीच्या मागचा स्नायू दुखावणं ही सर्वात नेहमीची तक्रार, आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटतो तो बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, वळताना किंवा उडीवरून उतरताना. बायकांत ही जोखीम जास्त. दिवसभर खुर्चीत बसून सात वाजता थेट पळायला लागणारे आपण सगळे त्यात बसतो. 'जीएए १५' नावाचा वॉर्मअप फुकट उपलब्ध आहे. पंधरा मिनिटं जातात, आणि ती वगळावीशी वाटणारच. वगळू नका.

सुरुवात मे महिन्यात करा, एकाच वाराला, तासाभराची. चौदा जण आले तर सात-सात, दहा आले तर पाच-पाच आणि मैदान आणखी आखूड. सहाच आले तर फुटबॉलचा हट्ट सोडून बॅट काढा आणि राउंडर्सचा, म्हणजे बेसबॉलसारख्या खेळाचा, सराव करा: तोही जीएएचाच खेळ, त्यात मिश्र संघ अधिकृतपणे खेळतात, आणि क्रिकेट खेळलेला मराठी माणूस तिथे पहिल्याच संध्याकाळी आयरिश मित्रांना दमवतो.