चौदा महिने भिंतीवरची गीते: प्रोजेक्टर, धूळ आणि एक 'दऱ्या'

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या उपासनेत तिसऱ्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला प्रोजेक्टर बंद पडला, त्यानंतर सर्व्हिस सेंटरमध्ये भांडण झाले, म्हणून हे लिहायला बसले आहे. ल्युमेन (उजेड किती), थ्रो (भिंतीपासूनचे अंतर), एचडीएमआय (लॅपटॉप जोडायची वायर) हे सगळे तुम्ही कुठेही वाचाल. राहुरी तालुक्यातल्या आमच्यासारखी छोटी ख्रिस्ती मंडळी असेल आणि कमिटीत 'घ्यावा का?' अशी चर्चा चालू असेल, तर आधी हे वाचा.

आमचा प्रोजेक्टर ३,६०० ल्युमेनचा, ४१ हजारांचा. पडदा घेतला नाही. वेदीच्या डावीकडची भिंत पांढरी रंगवली, काम भागले. लॅपटॉप तरुण संघातल्या एका मुलाचा जुना. गीतांचे शब्द भिंतीवर दाखवणारे सॉफ्टवेअर ओपनएलपी, ते पूर्ण मोफत आहे. दान म्हणून आलेला पैसा खर्च करताना दर वर्षी भाडे मागणारे सॉफ्टवेअर घेणे मला पटले नाही आणि चौदा महिन्यांत एकदाही त्याचा पस्तावा झालेला नाही. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असले की फोनच्या ब्राउझरमधून कडवी पुढे-मागे करता येतात. आमच्या पेटीवर बसणाऱ्या ताई मनात आले की धृपद दोनदा घेतात, तेव्हा हे फार उपयोगी पडते.

खरे सांगायचे तर सुरुवातीला माझा विरोध होता. हातात 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक असावे, मुलांना गीत क्रमांक शोधता यावा, असे माझे मत. पण पहिल्याच महिन्यात मोतीबिंदू झालेल्या एक आजी पुढच्या बाकावर मान वर करून शेवटच्या कडव्यापर्यंत गायल्या. पुस्तकातली बारीक अक्षरे त्यांनी कित्येक वर्षांत वाचली नव्हती. तिथे माझे मत बदलले.

आता मुख्य गोष्ट. तिच्यावर मी जास्तच लिहिणार आहे, कारण खरेदीच्या वेळी तिचा कोणीही विचार करत नाही. ती म्हणजे अक्षर.

गीतांच्या फायली आम्हाला एका डीटीपीवाल्याकडून मिळाल्या, जुन्या फाँटातल्या. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या आणि दोनशेच्या वर गीते एका रात्रीत तयार झाली म्हणून आम्ही खूश. पुढच्या रविवारी भिंतीवर डोंगरांच्या सोबतीला 'दर्या' आला. मुलांनी समोर दिसले तसेच गायले. मागच्या बाकावर आमचे मास्तर, वय ऐंशीच्या पुढे, गाता गाता थांबले. उपासना संपल्यावर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, दर्या म्हणजे समुद्र. इथं दऱ्या आहेत. लेकरं चुकीचं शिकतील गं."

बदल करताना 'ऱ्य'चा सरसकट 'र्य' झाला होता. साऱ्या, खऱ्या, दुसऱ्या, बिचाऱ्या, सगळ्यांवर रफार चढलेला. बायबलमधल्या काना गावच्या लग्नाच्या गीतात 'वऱ्हाडी'चे 'वर्हाडी'. मला वाटले, एकदा शोधा-आणि-बदला केले की झाले. तसे होत नाही. सूर्य, धैर्य, कार्य, आश्चर्य, ऐश्वर्य यांत रफारच बरोबर आहे आणि आपल्या गीतांत हे शब्द पानोपानी आहेत. सरसकट बदलले तर 'ऐश्वऱ्य' होईल. म्हणजे प्रत्येक गीत डोळ्यांनी वाचूनच दुरुस्त करायचे. टाइप करताना ऱ, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये ऱ हा शिफ्ट आणि जे दाबून येतो. एवढे एक कळले असते तर माझे चार महिने वाचले असते.

फाँट दोनदा बदलला. आता राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरतो. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात तीच रूपे ठरवून दिली आहेत आणि शाळेत मुले तीच गिरवतात. काळी पार्श्वभूमी, पांढरे अक्षर, एका वेळी चार ओळी, त्याहून जास्त नको. मागे धबधबे, सूर्यास्त लावू नका, अक्षर हरवते.

कमिटीतले एक सभासद म्हणाले, एवढ्या रफारासाठी कशाला जिवाचा आटापिटा? मी त्यांना दौंडजवळच्या केडगावची आठवण दिली. पंडिता रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणता यावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात मिशनमधल्याच मुलीबायकांनी छपाईचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. त्या मुलीबायकांनी एकेक खिळा हाताने लावला, मला तर नुसते बटण दाबायचे आहे.

आता बिघाड. आमच्याकडे गळिताच्या हंगामात कारखान्याची काजळी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशी प्रोजेक्टरच्या जाळीतही जाते. दिवा तापला आणि सगळे बंद. एसटीत मांडीवर घेऊन प्रोजेक्टर पुण्याला नेला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फिल्टर साफ केलेला नाही, वॉरंटी लागू नाही. दिव्याचे सात हजार." मी चांगलीच भांडले. दोन वर्षांची वॉरंटी सांगून विकलेल्या वस्तूचा दिवा त्यात धरलेला नसतो, हे दुकानात कोणी सांगितले नव्हते आणि तो राग अजून आहे. फिल्टरचे मात्र घरी येऊन पुस्तिकेत पाहिले, नीट लिहिलेले होते. ती चूक आमचीच. आता दर शनिवारी मऊ ब्रशने फिल्टर झाडतो, उपासना झाली की पंखा थांबेपर्यंत प्लग काढत नाही, वरून सुती पिशवी घालतो. नवीन घेणाऱ्यांनी पावतीवर दिव्याची वॉरंटी वेगळी लिहून घ्या.

प्रोजेक्टर बंद पडला त्या रविवारी आणखी एक गोष्ट दिसली. भिंत काळी झाली आणि गाणे थांबले. पुस्तके बहुतेकांनी घरीच ठेवली होती. मास्तर आणि त्या आजी, दोघांनीच पाठ असलेले कडवे पुढे नेले, मग हळूहळू बाकीचे मिसळले. त्यामुळे माझे सुरुवातीचे मत अर्धे परत आले आहे. आता प्रत्येक गीताच्या पहिल्या स्लाइडवर क्रमांक मोठा देतो आणि महिन्यातला शेवटचा रविवार पुस्तकावरून गातो.

थेट प्रक्षेपणाचे थोडक्यात: फोन तिपाईवर ठेवून यूट्यूबवर लावतो. फोनवरून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगीला २४ तास जाऊ शकतात, तेव्हा नाताळच्या आदल्या रात्री सुरू करू नका. आवाज फोनच्या माइकवर सोडला तर पाळकांच्या संदेशाऐवजी पंखाच ऐकू येतो, मिक्सरमधून वायर घ्या. पुण्या-मुंबईला गेलेली आमची मुले बघतात, आजारी माणसे घरून प्रार्थनेत सामील होतात. त्यासाठी एवढे पुरते, महागडा कॅमेरा नको.

घ्यावा का, तर घ्या. पण दिव्यासाठी सात हजार बाजूला ठेवून घ्या आणि गीते तपासायला मराठी नीट येणारा एक माणूस आधी शोधा.

आमचे १६० च्या आसपास गीतांचे काम झाले आहे. शनिवारी संध्याकाळी मास्तर चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसतात, मी मोठ्याने वाचते, ते बोट ठेवून अक्षर बघतात. या शनिवारी सुगीच्या सणाची गीते घेणार आहोत. त्यांत 'साऱ्या' अकरा वेळा आहे, मोजून ठेवले आहे.