युझेन कागदाची वही घ्यावी की कापडी बांधणीची?

जपानला निघालेल्या कुणीही 'काय आणू?' विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: वही. मग दुकानातूनच फोटो येतो, 'यातली कुठली?' एकीवर किमोनोची नक्षी कागदावर छापलेली, दुसरीच्या पुठ्ठ्याला खरं कापड. फोटोत दोघी बहिणी दिसतात. हातात घेतल्या की फरक कळतो.

युझेन ही मुळात क्योतोची किमोनो रंगवण्याची रीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस पंखे रंगवणाऱ्या मियाझाकी युझेनच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तांदळाच्या खळीने आधी कडा आखून घ्यायच्या, म्हणजे शेजारशेजारचे रंग एकमेकांत उतरत नाहीत. कागदावर ही खळ नसते, तिथे स्क्रीन प्रिंटिंगने एकेक रंग वेगळा चढतो. पण किमोनोवरची ती कड इथे सोनेरी रेघ होऊन उरते. बोट फिरवलं तर किंचित उठून लागते. दिसायला हिला तोड नाही. मात्र माझी वही सहा महिने किल्ल्यांबरोबर पिशवीत फिरली आणि कण्यावरचं सोनं झिजून खालचा पांढरा कागद डोकावायला लागला. टेबलावर राहणार असेल तरच ही घ्या.

कापडी वही रोजच्या वापराला दणकट. फक्त आत उघडून बघा. पंख्यासारख्या घड्यांची असेल तर ती बहुधा गोशुइन्चो, म्हणजे देवळांत लाल शिक्के आणि कुंचल्याने लिहिलेली अक्षरं गोळा करायची वही. एका नोंदीला साधारण 300 ते 500 येन दक्षिणा. तिचा जाड, मऊ कागद कुंचल्यासाठी असतो. मी हौसेने फाउंटन पेन टेकवलं, तर शाई फुटून अक्षराअक्षराला मिशा आल्या. शिवाय देवळांत न्यायची असेल तर तिच्यात किराण्याची यादी लिहू नये. तिथे ते वावगं दिसतं.

बजेट कमी असेल तर दोन्ही सोडा, वाशी टेप, म्हणजे जपानी कागदाची चिकटपट्टी आणायला सांगा. कुराशिकीच्या कामोई काकोशी कंपनीने 2008 मध्ये 'एमटी' नावाने या रंगीत टेप आणल्या. 1923 मध्ये तिची सुरुवात माश्या पकडायच्या चिकट कागदापासून झाली होती! नक्षीच्या दोन टेप आणि आपली नेहमीची दोनशे पानी, शाई न फुटणारी वही. माझं निम्मं लिखाण असल्याच वह्यांत आहे.

भेट द्यायची असेल तर नक्षी बघून घ्या. आसानोहा म्हणजे हेम्पचं, भांगेच्या झाडाचं पान. ते झाड भराभर नि सरळ वाढतं, म्हणून जपानात ही नक्षी तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर असते. यागासुरीत बाणाची पिसं: सुटलेला बाण परत येत नाही, म्हणून ती सासरी जाणाऱ्या मुलीला देत. माझ्या भाचीला लग्नात मी मुद्दाम लाटांची सेइगाइहा दिली. तिने हवं तेव्हा माहेरी यावं.