इसबगोल की नाचणी-कुळीथ?

पन्नाशीच्या सुमारास साखर किंवा कोलेस्टेरॉल काठावर आले आणि पोटही नीट साफ होत नसले, की तळकोकणात दोन सल्ले हमखास मिळतात: औषधाच्या दुकानातून इसबगोल आणा, किंवा भात कमी करून नाचणीची भाकरी आणि कुळीथ खा. तंतुमय पदार्थ दोन्हींत आहेत. त्यांची कामे मात्र वेगळी आहेत.

इसबगोलाची भुशी पाणी शोषून बुळबुळीत होते, त्यामुळे शौच मऊ होते. शिवाय ती आतड्यातील पित्ताम्ले, म्हणजे चरबी पचवण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ती आम्ले, धरून ठेवते आणि नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. मात्र मोठ्या आतड्यातील जिवाणू ही भुशी फारशी आंबवू शकत नाहीत. आंबण्यातून तयार होणारी ब्युटिरेटसारखी आम्ले, ज्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते, ती प्रामुख्याने धान्ये, कडधान्ये आणि भाज्यांतल्या तंतूंपासून मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस केली, तीही अन्नातल्या नैसर्गिक तंतूंची.

शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात हे तंतू सुमारे ३ ग्रॅम, तर तेवढ्याच नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास असतात. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडाच सरस आहे. कुळथाच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. पिठीसाठी कुळीथ भाजून, भरडून, पाखडून टरफले काढली जातात, म्हणजे तंतूंचा मोठा वाटा सुपाबाहेर उडून जातो. रोज पिठी-भात खाऊन आपण कुळीथ खातो असे मीही बरीच वर्षे समजत होतो. मोड आणून सालासकट केलेली उसळ हाच खरा पर्याय.

बद्धकोष्ठता जुनी असेल किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले असेल, तर इसबगोल जरूर घ्यावे, पण ताटात बदल करूनच. साखर काठावर असणाऱ्याने भाकरी भाताच्या जोडीला न घेता भाताऐवजी घ्यावी, कारण नाचणीतही पिष्ट भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास कडधान्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. उसळ एकदम वाढवली तर पोट फुगते, म्हणून आठवड्यातून दोनदा सुरुवात पुरे. इसबगोलाची कोरडी फक्की कधीही मारू नये, ती घशात फुगून अडकते; पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.