ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नाहीत: एसपी, कोर्ट की प्राधिकरण?

बांधाच्या भांडणात माझ्या चुलत्यांच्या डोक्यात कोयता बसला, सात टाके पडले. ठाण्यात मात्र लिहिलं गेलं, ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण’. हत्याराचा उल्लेख गेला आणि दखलपात्र गुन्ह्याची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद झाली. कोयता चालवणाऱ्याचा मेव्हणा तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत होता.

अशा वेळी पुढे कुठे जायचं? आधी एवढंच बघा, की तुमचा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर उतरणार आहे. शेजारच्या ठाण्यात झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, देता येते, पण हद्द म्हणून ती फिरून इथेच येते.

पोलीस अधीक्षकांकडे (एसपी) अर्ज करायला फक्त टपालखर्च येतो, वकील लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173(4) मध्ये तशी सोय आहे. पण अर्जावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो, तो डीवायएसपी (उपअधीक्षक) ऑफिसमार्गे खाली येतो आणि ज्यांनी एनसी लिहिली तेच तुम्हाला ‘जबाबाला या’ म्हणून फोन करतात. तरी ही पायरी गाळू नका. रजिस्टर एडीची पावती आणि आवक शिक्का नसेल तर पुढे कोर्टात अर्ज तिथेच अडतो.

कोर्टात दोन वाटा आहेत, आणि खरी निवड इथेच करायची असते. पहिली कलम 175(3) ची. तालुक्यातले वकील अजून तिला जुन्या सवयीने, सीआरपीसीतल्या कलमावरून, ‘एकशे छप्पन-तीन’च म्हणतात. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, मॅजिस्ट्रेट पोलिसांचंही म्हणणं बघतात. आदेश झाला की गुन्हा नोंदवावाच लागतो. गोम अशी, की तपास पुन्हा त्याच ठाण्याकडे येतो. तो सीआयडीकडे द्या, असं मॅजिस्ट्रेटना म्हणता येत नाही. दुसरी वाट खासगी फिर्यादीची, कलम 223. जबाब थेट कोर्टापुढे होतो, ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. पण साक्षीदार आणायचे तुम्ही, कागद जमवायचे तुम्ही, आणि दखल घेण्याआधी आरोपीलाही बोलायची संधी मिळते.

डॉक्टरचा दाखला आणि फिरणार नाहीत असे साक्षीदार हातात असतील तर मी खासगी फिर्याद म्हणेन. कॉल रेकॉर्ड काढायचे असतील, हत्यार जप्त करायचं असेल तर नाइलाजाने 175(3).

पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दल लोकांचा गैरसमज असतो. पोलीस सुधारणांवरचा सुप्रीम कोर्टाचा प्रकाश सिंह निकाल 2006 चा, महाराष्ट्राने त्यासाठी कायदा बदलला 2014 मध्ये. बेकायदा अटक, कोठडीतली मारहाण, खंडणी यांसाठी तिथे जरूर जा. ते अधिकाऱ्याची चौकशी करतं. तुमच्या गुन्ह्याचा तपास करत नाही.

तपास जिल्ह्याबाहेर काढायचा तर हायकोर्टच. खर्च मोठा, आणि आधी मॅजिस्ट्रेटकडे गेलात का, हे विचारलं जातंच. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्यांना 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच मिळाल्याने मुंबईची फेरी तेवढी वाचली. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येचा तपास सीआयडीकडे गेला, पण त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, विधिमंडळ गाजलं. तसं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पुढे बीडमध्ये, जात कळू नये म्हणून, पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. चांगलं झालं, पण कोण कुणाचा पाहुणा, हे गावाला पाटी वाचून कळत नसतं.

प्रकरण बलात्काराचं किंवा विनयभंगाचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फिर्याद न घेणारा अधिकारी न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 199 खाली स्वतःच गुन्हेगार ठरतो. हे कलम अर्जात ठळक लिहा.

आणखी एक काम त्याच आठवड्यात उरका: तुम्ही गेलात त्या दिवसाचं ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज माहिती अधिकारात मागा. 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे ते किमान वर्षभर जपून ठेवायचं असतं. आम्हाला हे उशिरा सुचलं.

चुलत्यांनी खासगी फिर्याद केली. दोन तारखा झाल्या, पुढची पावसाळ्यानंतर आहे. कोयता अजून समोरच्यांच्याच घरी आहे. परवा त्याच बांधावर ते त्याने गवत कापत होते.