सोल्डरच्या रोलवर ६०/४० होतं, पण साठ कशाचं?

रब्बी लागली की आमच्या हिंगणघाटकडच्या खेड्यांत दुरुस्तीला सगळ्यात जास्त येतात झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी यंत्रं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हरभरा ठेवत नाहीत, त्यामुळे रात्री मशीन बंद पडली की शेतकरी सकाळी दुकान उघडायच्या आत हजर. यंदा मी दुरुस्त करून दिलेल्याच मशीनी परत यायला लागल्या. एका काकांनी मशीन टेबलावर आदळली. "काय केलं बाप्पा तू? रातभर डुकरं होते वावरात!"

भिंगातून पाहिलं तर ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती बारीक गोल भेगा. टाके राखाडी, खरबरीत. सरळसरळ ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका. परत आलेल्या सगळ्या मशीनींना एकाच रोलचं सोल्डर, म्हणजे टाके द्यायची वितळणारी तार, लागलेलं. मोटरसायकलवर माल घेऊन फिरणाऱ्या एका विक्रेत्याने तो रोल दिला होता, बाजारापेक्षा थोडा स्वस्त, वर ठळक ६०/४० छापलेला.

आपल्या धंद्यात कथिलाचा आकडा आधी लिहितात. म्हणजे ६० टक्के कथिल, ४० टक्के शिसं. हे १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. ६३/३७ तर १८३ लाच एकदम पाणी. पण कथिल ४० आणि शिसं ६० असेल तर सुरुवात १८३ लाच होते, पूर्ण पातळ व्हायला मात्र २३८ च्या जवळ जावं लागतं. मधल्या टप्प्यात ते कालवलेल्या पिठासारखं असतं. गार होताना पाय जरा हलला की टाका आतून तडकतो. वितळत नाही म्हणून तापलेला सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवावा, तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच (ट्रॅक) उखडते.

माझ्याकडे टेंपरेचर लावता येणारं सोल्डरिंग स्टेशन आहे, म्हणून खात्री करता आली. २१० वर ठेवून टोकाला वायर लावली. जुन्या चांगल्या वायरचा लगेच चकचकीत थेंब झाला. या रोलचा नुसता लगदा.

विक्रेता पुन्हा आला तेव्हा विचारलं. गडी शांतपणे म्हणतो, "साठ-चाळीसच आहे ना भाऊ. साठ शिसं, चाळीस कथिल. यात खोटं काय लिवलं?" कथिल शिशापेक्षा कितीतरी महाग, तेव्हा नफा कुठून आला ते सांगायला नको. वर शिसं जड, म्हणून तेवढ्याच वजनात वायरही कमी येते. बिलावर नुसतं 'सोल्डर वायर'. पैसे परत मिळाले नाहीत.

असा कोणी तुमच्याकडे आला तर कथिल किती टक्के ते बिलावर लिहून मागा. खरा माल असेल तर लिहून देतो, नसेल तर गाडीला किक मारतो. वायर तिरपी कापून आत टाका नीट धरायला लागणारी राळ (फ्लक्स) आहे का तेही पाहा, माझ्या रोलमध्ये मध्येमध्ये नव्हतीच. पक्कं बिल हातात असलं तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

उरलेला रोल पत्र्याच्या डब्यांना डाग द्यायला लोक मागून नेतात. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यासाठी मागितला तर मी देत नाही.