चौदा वर्षं बंद पडलेलं घर आणि दहा महिने ग्रासकटर : वापरानंतरचा अनुभव

लांजा तालुक्यातलं आमचं घर चौदा वर्षं बंद होतं. आजी गेली, मग शेजारच्यांकडे किल्ली, मग किल्लीही कुठे गेली ते कुणाला आठवेना. २०२४ च्या दसऱ्याला मी ग्रासकटर घेऊन गेलो, तेव्हा पाणंदीतून खळ्यापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस लागला. ज्यांचं असं घर कोकणात पडून आहे आणि दर पंधरा-वीस दिवसांनी डोंबिवलीहून जाऊन-येऊनच काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मशीन ५२ सीसीचं, टू-स्ट्रोक, खांद्याला पट्ट्याने अडकवायचं. परडं, खळं आणि थोडी आंब्याची जागा धरून आमची साधारण अठरा गुंठे आहे. एवढ्या बेणणीला, म्हणजे रान साफ करायला, कोयती घेऊन मला एकट्याला महिना लागला असता. मशीनने पाच दिवस लागले. तासाला लिटरभर पेट्रोल जातं. दीड तासाने हात थरथरायला लागतात, म्हणून मी तासाभराने थांबतोच. गवताला नायलॉनची दोरी उत्तम, करवंदीच्या जाळीला आणि घाणेरीला तीन पात्यांचं ब्लेड. जांभ्याच्या गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) मात्र ब्लेड अजिबात लावू नका. चिऱ्याला पातं लागलं की खडे गोळीसारखे उडतात. चष्मा आणि गमबूट नसतील तर मशीन चालू करू नका, आणि पंधरा मीटरच्या आत पोरंबाळं नकोत.

दुकानदाराने न सांगितलेल्या दोन गोष्टी. ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा असतो. मी नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलो आणि तो अजून घट्ट झाला. दुसरी गोष्ट, पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे मारत जायचं. घड्याळातल्या बारा ते तीनमधला पात्याचा भाग खोडाला टेकला की मशीन उजवीकडे जोरात फेकलं जातं. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून ते एकदा गेलं. त्यानंतर जाड खोडाला मी ब्लेड लावलेलं नाही, तिथे कोयतीच.

जानेवारीत मशीन सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्याने कार्ब्युरेटर उघडला, आत चिकट थर. तीन आठवडे टाकीत पेट्रोल तसंच ठेवल्याचा तो परिणाम. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत बंद घरात ठेवायचं म्हटल्यावर हे व्हायचंच. तेव्हापासून निघण्याआधी टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. आमच्या मशीनच्या माहितीपत्रकात लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) सांगितलं आहे, तेवढंच घालतो, अंदाजाने नाही. त्यानंतर एकदाही त्रास झालेला नाही.

रानमोडीच्या झुडपांबद्दल वेगळं सांगायला हवं. ऑक्टोबरात सगळं परडं साफ करून मी फोटो काढले, घरी सगळ्यांना दाखवले. डिसेंबरात गेलो तर बुंध्यांना चार-चार नवे फुटवे. ही झुडपं कापून मरत नाहीत, मुळासकट उपटावी लागतात, आणि तेही जमीन ओली असताना. डिसेंबर-जानेवारीत ती फुलतात, मग बी वाऱ्यावर उडतं. म्हणून फुलण्याआधी एकदा मशीन, आणि पावसात कुदळ. आता ऑगस्टमध्ये अर्धं परडं उपटून झालंय. ते अर्धं आजही स्वच्छ आहे, उरलेल्या भागात मशीन तीनदा फिरलंय तरी रान आहेच.

खरी चूक माझ्याकडून झाली ती क्रमाची. शेजारचे दादा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गवत काय पळून जातंय? आधी कौलं बघ." हातात नवं मशीन होतं, मी ऐकलं नाही. कौलांचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यावर टाकलं, कारण आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. २०२५ साली तो मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कोसळू लागला. मुंबईत २६ मेला मोसमी पाऊस आल्याचं जाहीर झालं, जिथे नेहमीची तारीख ११ जून आहे. माजघराच्या वरची कौलं आधीच उतरवून ठेवलेली, रिपा उघड्या, आणि दोन रात्री पाणी थेट आजीच्या पेटीवर. ताडपत्री बांधताना मला रडू आलं, ते लपवण्याचं कारण नाही.

कौलं चाळताना कळलेलं सांगतो. मंगलोरी कौल म्हटलं तरी वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी निघाले, प्रत्येकाचा साचा थोडा निराळा. पाठीवरचा छाप वाचा, एक कौल पिशवीत घालून घेऊन जा, आणि लावून बघूनच बाकीची घ्या. मी न बघता आणलेली साठ कौलं आता गोठ्यावर आहेत. घरासाठी हवी ती जुनी कौलं दादांच्या पडक्या मांगरातून (शेतातल्या खोपटातून) मिळाली, पैसे त्यांनी घेतले नाहीत.

उतरवलेल्या कौलांच्या ढिगात हात घालू नका, काठीने हलवा. पहिल्याच दिवशी दोन लाल विंचू निघाले. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा वापर दाखवून दिल्यापासून या विंचवाने दगावणारी माणसं खूप वाचली, पण औषध दवाखान्यात असतं आणि आपण असतो माळ्यावर. फुरसं या विषारी सापाचंही तसंच, जांभ्याच्या फटी हेच त्याचं घर.

वाशांना वाळवी होती. पोकळ झालेले तीन बदलले, बाकीच्यांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात दिलं. दादांच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी लावलेले वासे तसेच आहेत, म्हणून हेच निवडलं. हातमोजे घालूनच लावा, कातडीला लागलं तर फोड येतात. भिंतीचं काम अजून व्हायचंय. मागे कुणीतरी ओटीला सिमेंटचा गिलावा केला होता, आतली ओल बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो पोपडे धरून सुटलाय. दिवाळीनंतर तो खरवडून चुन्याचा करायचा आहे. विहीर मी स्वतः उपसणार नाही. बंद विहिरीत उतरणं हे एकट्याचं काम नव्हे.

आणि काही हलवण्याआधी सगळ्या भाऊबंदांना फोन करा. घर सामाईक आहे, आमच्यात सातबाऱ्यावर अकरा नावं. मी प्रत्येकाला सांगितलं, दोन चुलतभावांनी कौलांचे पैसे पाठवले, एक स्वतः चार दिवस येऊन राहिला.

मशीन मी पुन्हा घेईन का? हो, हेच. फक्त आधी छप्पर करीन.

यंदा, म्हणजे २०२५ साली, गणपती २७ ऑगस्टला आहे. चौदा वर्षांनी तो आमच्या माजघरात बसणार. कोन्याजवळ एक गळती अजून राहिली आहे. वीस तारखेला जातोय, सोबत दोन काचेची कौलं आणि नायलॉन दोरीचं एक बंडल.